मागचा अ‍ॅक्सल १४२चा, क्रँक जुना : चालेल का?

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला निघालं की सातपायरी घाटात पुढची लहान चेनरिंग आणि मागची सर्वात मोठी चकती, हीच जोडी बराच वेळ कामाला असते. ११५० मीटरच्या आसपास नेणारा हा चढ. इथे चेन प्रमाणाबाहेर तिरकी असेल तर ती कुरकुरते आणि जरा उलटं पेडल फिरलं की शेजारच्या चकतीवर घसरते. मागच्या आठवड्यात आपण कॅसेट निवडली. आज तिच्यासमोर कोणता क्रँकसेट लावायचा ते पाहू.

रिम ब्रेकच्या रोड सायकलचा मागचा हब १३० मिमीचा. डिस्क ब्रेक आले तसा तो १३५चा झाला, पुढे थ्रू अ‍ॅक्सलबरोबर १४२चा. आकडे पाहून अनेकांना वाटतं, कॅसेट कितीतरी बाहेर गेली. तसं नाही. १४२मधले दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन मिमी फ्रेमच्या खाचेत बसतात, कॅसेट १३५मध्ये होती तिथेच राहते. १३० आणि १३५मधला फरकही दोन्हीकडे वाटला जातो. म्हणजे कॅसेट सरकली ती फक्त अडीच मिमी.

क्रँकचा मागच्या अ‍ॅक्सलशी थेट संबंध नाही. दोघांना जोडते ती चेन. म्हणून पाहायची ती चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून दोन चेनरिंगच्या मधोमधपर्यंतचं अंतर. शिमानोच्या जुन्या रोड क्रँकची ती ४३.५ मिमी, १२ स्पीडच्या १०५ आणि अल्टेग्राची ४४.५, तर जीआरएक्सची जवळपास ४७.

जुना क्रँक १४२च्या फ्रेमला लावला तर त्रास लहान चेनरिंग आणि लहान चकतीच्या जोडीत होतो : चेन मोठ्या चेनरिंगला आतून घासते. घाटात ही जोडी लागतच नाही. चेनस्टे ४१० मिमी किंवा जास्त असेल तर मी हा क्रँक निर्धास्त लावीन. चेनस्टे जितका आखूड, तितका चेनचा कोन वाढतो, हे मात्र विसरू नका.

उलटा प्रकार टाळाच. १३०च्या जुन्या फ्रेमला जीआरएक्सचा क्रँक लावला की चेनरिंग बाहेर जाते आणि तोरणमाळला जी जोडी सर्वात जास्त लागते, तीच आणखी तिरकी होते. शिवाय जीआरएक्सचा पुढचा डिरेलरही अडीच मिमी बाहेर बसवलेला असतो. साधा रोड डिरेलर तिथवर पोचेलच असं नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बनची फ्रेम ताणून तिच्यात रुंद हब कोंबायचा विचारही करू नका. ती तडकते.

मोजणं सोपं आहे. सीट ट्यूब गोल असेल तर तिची जाडी मोजून निम्मी करा, नळीच्या कडेपासून दोन चेनरिंगच्या मधोमधपर्यंतचं अंतर त्यात मिळवा. हा आकडा, मागच्या हबची रुंदी आणि चेनस्टेची लांबी कागदावर लिहा आणि मगच क्रँकची ऑर्डर द्या. बॉटम ब्रॅकेटचं पुढच्या आठवड्यात पाहू.