प्रवाळांच्या दप्तरातील समुद्र

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याचा आपल्याकडे रिवाज असल्यामुळे, चामुंडीच्या ग्रॅनाइटालगत राहणाऱ्या म्हैसूरकराला ती सपाटी म्हणजे सरकारने कायम करून दिलेली हद्द वाटावी, हे स्वाभाविकच आहे. पण हाच गृहस्थ यात्रेनिमित्त रामेश्वरास गेला आणि बावीस तीर्थांचे स्नान आटोपून पांबन बेटाच्या उत्तर किनाऱ्याकडे वळला, तर भरतीच्याही वर, वाढल्या जागीच मरून राहिलेली प्रवाळांची भित्ती त्याच्या दृष्टीस पडेल. प्रवाळाचा जीव पाण्याबाहेर तगत नाही आणि त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालास सूर्यप्रकाश लागत असल्याने अशा भित्ती फार खोलातही वाढत नाहीत. तेव्हा येथे एके काळी उथळ समुद्र होता, ही गोष्ट वेगळी साक्ष न काढता शाबीत होते. भित्तीचे वय सुमारे ४,००० वर्षे निघाले आहे. मधल्या काळात जमीन उचलली गेली की पाणी उतरले, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि या विषयातील खरी गंमत, माझ्या मते, त्या प्रश्नातच आहे.

चार्ल्स डार्विनने १८४२ साली सर्व भार जमिनीवर टाकला: ज्वालामुखीचे बेट सावकाश खचते, त्याच्या काठाची भित्ती वर वाढत राहते, आणि बेट पुरते बुडाल्यावर मध्ये खाजण असलेले कंकणद्वीप तेवढे शिल्लक राहते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे खोल छिद्र पाडले असता सुमारे १,४०० मीटर चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. इतक्या सुबक उपपत्तीनंतर पाण्याची कैफियत कोण ऐकणार? वास्तविक रेजिनाल्ड डेली या भूशास्त्रज्ञाने ती १९१० च्या सुमारासच मांडली होती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. उघड्या पडलेल्या चुनखडीचा मधला भाग पावसाच्या पाण्याने विरघळून खोलगट झाला, कडा तुलनेने उंच राहिल्या, आणि समुद्र परतल्यावर नवे प्रवाळ त्या कडांवरच वसले, असा मालदीवच्या कंकणांचा उलगडा आज काही अभ्यासक करतात.

परतणाऱ्या समुद्राबरोबर वर येणे सर्वांनाच साधले नाही. लक्षद्वीपच्या भित्ती पृष्ठभागाशी येऊन मिळाल्या. परंतु विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या, आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेचा माथा अद्याप सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. हिमयुगात ते बेटच असले पाहिजे. कर्नाटकच्या मलपे बंदरासमोर, ‘गवेषणी’ या संशोधननौकेचे नाव मिळालेला उंचवटा तर सुमारे ४० मीटर खोलीवर राहिला आहे, आणि तेथेही जिवंत प्रवाळ आढळले आहेत.

आज जगातील समुद्र वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरने चढत आहे. निरोगी भित्तीस ही चाल झेपण्यासारखी आहे. परंतु १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे पाणी तापून तेथील प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांतील पुष्कळसे मेले.