परसबाग, माकडं आणि करंटची तार

चतुर्थी जवळ आली. माटवीला बांधायच्या काकड्या वेलावर दिसायला लागल्या, आणि माझ्या फोनवर रोज एकच विषय: माकडं, डुकरं, शेजाऱ्यांच्या कोंबड्या. परवा एका सभासदांनी विचारलं, "मॅडम, परसाभोवती तार ओढून रात्री घरातली लाइन सोडली तर चालेल काय?" त्यांना जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहितेय.

अजिबात नाही. २३० व्होल्टच्या तारेला हात लागला की स्नायू आखडतात, हात सुटत नाही. पावसात ओल्या जमिनीवर तर आणखी वाईट. पहाटे फुलं काढायला गेलेली आपली आई, चेंडू आणायला आलेलं पोर, स्वतःची गाय, कोणीही सापडू शकतं. शिवाय तो गुन्हा आहे.

झटका मशीनचं काम वेगळं. त्यात साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर झटका बसतो, म्हणून जनावर दचकून मागे सुटतं. मशीन तयारच घ्या, अर्थिंग नीट करा, घरी जुगाड नको. पावसात वाढलेलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालचं गवत दर आठवड्याला कापा. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी, कारण ते उडी मारण्यापेक्षा खालून घुसतं.

पण आधी चोर कोण ते बघा. वाफा नांगरल्यासारखा उलटा झालाय तर डुक्कर. अर्धवट चावलेली फळं मांडवाखाली पडलीत तर माकड. नुकती उगवलेली रोपं उकरलीत तर कोंबडी, आणि तिच्यासाठी मशीन कशाला? रोपं मोठी होईपर्यंत वाफ्यावर झावळ्या किंवा काट्या पसरा, भागतं. शेळ्या-गुरांना चांगला गडगा आणि वर करवंदीच्या काट्या पुरतात. मासेमारीची जुनी जाळी लावत असाल तर खालची कड ताणून बांधा. सैल जाळीत धामण अडकून मरते, आणि उंदीर खाणारी तीच.

खरी डोकेदुखी माकडांची. गेल्या वर्षी माझ्याच आईच्या परसात मी बुजगावणं उभं केलं, डबे टांगले. चार दिवस बरं गेलं. पाचव्या दिवशी माकड बुजगावण्याच्या खांद्यावर बसून आमचीच काकडी खात होतं. आई अजून ऐकवते! कुंपण त्यांच्या कामाचं नाही, ती झाडावरून, छपरावरून येतात. म्हणून छपराला टेकलेल्या फांद्या छाटा, फळं कोवळी असतानाच काढा. काकडी, दोडका, पडवळ अशी मोजकी वेलभाजी दहा बाय दहा फुटांच्या पिंजऱ्यात घ्या, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी. लोखंडी जाळी महाग पडते, पण नायलॉनची माकडं फाडतात. पिंजऱ्याबाहेर हळद, आलं, सुरण लावा. त्यांना माकडं सहसा तोंड लावत नाहीत.

वाफ्याकडेला फोरेट टाकायची काहींना सवय आहे. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुनं उरलं असलं तरी ज्या मातीतली भाजी पोरं खातात तिथे ते टाकू नका. विष घातलेलं आमिषही नको, आधी आपला कुत्रा मरतो.

कोणतं जनावर आहे ते कळत नसेल तर खुणांचा, पायाच्या ठशांचा फोटो याच नंबरवर पाठवा. फोटो सकाळच्या उजेडात काढा, मागच्या वेळी अर्धे फोटो अंधारातले होते.

– आपली कृषी सल्लागार