जीवनाचे रसायन – लेखांक ७ : एका पाण्याचा हिशेब

मागील लेखांकात द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या दोन साध्या शर्करांचा परिचय आपण करून घेतला. त्या दोघींच्या संयोगातून सिद्ध होणारी इक्षुशर्करा पाहावयाची तर प्रयोगशाळेची पायरी चढण्याचे कारण नाही. चिकोडी तालुक्यात दूधगंगेकाठी वसलेल्या सदलग्याच्या परिसरात थंडीच्या दिवसांत एखाद्या गुऱ्हाळाचे चुलवाण पेटलेले दिसले, तर त्याच्या उबेला जाऊन उभे राहावे. काहिलीत रटरटणारा रस हाच आपला आजचा पाठ आहे.

इक्षुशर्करेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. तिच्या दोन घटकांची बेरीज करू गेल्यास मात्र हायड्रोजन २४ आणि ऑक्सिजन १२ भरतो. ही तूट म्हणजे दोघींचा सांधा जुळताना बाहेर पडलेला पाण्याचा एक रेणू होय. तेवढे पाणी परत मिळाले, आणि आम्लाचे किंवा विकराचे साहाय्य लाभले, की सांधा उकलतो. ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळविणारे द्रावण मग ती डावीकडे वळवू लागते. म्हणून या मिश्रणास अपवृत्त शर्करा म्हणतात.

गुळव्याला हे नाव ठाऊक नसेल, पण त्याचा सारा बंदोबस्त याच उकलीविरुद्ध असतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याच्यातीलच विकर आणि बाहेरून शिरलेले सूक्ष्मजीव सांधे तोडू लागतात, म्हणून तो ताजाच चरकात घालण्याचा दस्तूर आहे. रस स्वभावतःच किंचित आम्ल, आणि आम्लाला उष्णतेची जोड मिळाली म्हणजे तोड वाढावयाचीच. म्हणून चुन्याची निवळी, तीही बेताने, कारण ती अधिक झाल्यास गूळ काळवंडतो. तापलेल्या रसातील प्रथिने गोठतात, भेंडीचा चिकट रस त्यांना कवटाळून वर आणतो आणि ती मळी झाऱ्याने निघते. तो चिकटपणादेखील शर्करांच्याच लांब साखळ्यांचा आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

पाक ११८ अंशांच्या आसपास पोहोचला, थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळली, की काहील उतरते. एवढे करूनही सांधे फार तुटलेले असतील तर स्फटिक नीट जमत नाहीत, रवा मऊ राहतो, आणि हवेतील ओलावा ओढून घेणाऱ्या फलशर्करेमुळे पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. व्यापाऱ्याची तक्रार येते ती या पाण्याची. तिचे मूळ मात्र त्या एका पाण्याच्या रेणूत असते.

आणि गंमत अशी की, इतक्या तजविजीने राखलेला हा सांधा, मूठभर शेंगांबरोबर गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्याच्या लहान आतड्यात मोडावाच लागतो. कारण अखंड इक्षुशर्करेला आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाण्याचा परवाना नाही. तेथे चुलवाण नाही, ११८ अंश नाहीत. अवघ्या ३७ अंशांच्या उबेत एक विकर पाण्याचा तो रेणू परत घालून सांधा मोकळा करते. हे विकर स्वतः शर्करा नसून प्रथिन आहे. मळी म्हणून ज्या जातीचा जिन्नस गुळव्याने झाऱ्याने बाहेर टाकला, त्याच जातीचा हा कारागीर. त्याची ओळख पुढील लेखांकी.