‘वेदर’ : झिजणे आणि निभावणे

‘वेदर’ म्हणजे हवामान, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. हाच शब्द क्रियापद होऊन वाक्यात आला, की मात्र चांगले पदवीधर अडखळतात. सोलापुरात भाषांतराचा सराव करणाऱ्या काही विद्यार्थ्यांपुढे एकदा मी दोन लहान वाक्ये ठेवली होती. पहिले, ‘द रॉक वेदर्ड’ आणि दुसरे, ‘द व्हिलेज वेदर्ड द ड्रॉट’. बहुतेकांनी पहिल्याचे ‘खडक झिजला’ असे बरोबर भाषांतर केले व त्याच ओघात दुसऱ्याचे ‘दुष्काळाने गाव झिजले’ असे करून टाकले. एकाने शब्दकोश उघडला. त्यात त्याला ‘संकटातून पार पडणे’ हा अर्थ सापडला आणि त्याच्या वहीत खडकच संकटातून पार पडला!

दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा नव्हता. झिजणे आणि टिकून राहणे हे जवळजवळ विरोधी अर्थ या एकाच क्रियापदात शेजारी शेजारी नांदतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाने हवा, आकाश, वादळ अशा साऱ्यांचा बोध होई. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याचे क्रियापद झाले तेव्हा त्याचा अर्थ साधाच होता : एखादी वस्तू हवेत, उघड्यावर ठेवणे. पाळीव शिकारी ससाण्याला मोकळ्या हवेत बसवण्याला इंग्रजीत अजूनही हेच क्रियापद वापरतात. पुढे या उघड्यावर ठेवण्याला दोन फाटे फुटले. उघड्यावर राहिलेली वस्तू झिजते, हा एक. आणि उघड्यावर राहूनही जी तग धरते तिने हवामानावर मात केली, हा दुसरा.

दुसरा फाटा समुद्रावरून आला. शिडाच्या जहाजाला भूशिरास वळसा घालताना वाऱ्याच्या बाजूने निसटून जावे लागे. नाही तर वारा त्याला खडकावर लोटत असे. असे निसटणे म्हणजे ते भूशीर ‘वेदर’ करणे. त्यावरूनच पुढे वादळ, मंदी, राजकीय पेचप्रसंग, सारे काही ‘वेदर’ केले जाऊ लागले. सोलापूरकराला समुद्र दूरचा. त्याने हा अर्थ पाठच करावा लागतो. पहिला अर्थ मात्र त्याच्या पायाखालीच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. त्या काळ्या बेसॉल्ट खडकावर ऊन, पाऊस, हवा आणि झाडांची मुळे यांनी जे काम केले, त्यास इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत त्याला ‘विदारण’ असा नेमका प्रतिशब्द आहे; विदीर्ण होणे या आपल्या परिचित शब्दाच्याच कुळातला. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, रात्री तो बराच उतरतो. दिवसा प्रसरण, रात्री आकुंचन, असे अगणित वेळा झाले की खडकात फटी पडतात. फटीत शिरलेले पाणी खडकातील खनिजांचे रासायनिक रूप पालटते. काही ठिकाणी बेसॉल्टचे गोटे असे सुटत जातात, की एकावर एक पापुद्रे असलेला कांदाच डोळ्यांपुढे येतो. कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या साऱ्या अवस्थांना आपल्या बोलीत रोजचे शब्द आहेत. विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. मुरूम म्हणजे अर्धवट विदारण झालेला खडक आणि काळी म्हणजे त्याच विदारणाची परिणती. गावंदरीत उभा राहणारा शेतकरी ‘विदारण’ हा शब्द उच्चारणार नाही. पण त्याच्या विहिरीची भिंत त्या शब्दाची सचित्र व्याख्याच असते. येथे ‘इरोड’ या शब्दाशी गल्लत होऊ देऊ नये. खडक जागच्या जागी फुटतो, भुसभुशीत होतो, ते ‘वेदरिंग’. सुटलेला माल पाण्याने वा वाऱ्याने वाहून गेला, की ते ‘इरोजन’. मुरूम तयार होणे हे पहिले, बांध फुटून माती नाल्यात जाणे हे दुसरे.

मग वाक्यात अर्थ ओळखायचा कसा? व्याकरण थोडी मदत करते. खडक, लाकूड, रंग असा निर्जीव कर्ता असून कर्म नसेल, तर बहुधा झिजणे, विटणे वा रापणे हा अर्थ. दुष्काळ, वादळ, मंदी असे संकट कर्म म्हणून आले, तर निभावणे. पण ‘वेल’ हे एक क्रियाविशेषण जोडले, की हा नियम डळमळतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाविषयी ‘द स्टोन हॅज वेदर्ड वेल’ असे कोणी लिहिले, तर दगड पुष्कळ झिजला असा अर्थ होत नाही. इतके ऊन-पाऊस सोसूनही तो चांगला टिकला, असा होतो.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे, तर ज्वारीकडे यावे. या जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्या ओलीवर पेरलेली रब्बी ज्वारी पुढे जवळजवळ पावसावाचून, खोल काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या पाण्यावर वाढते. १९३०च्या दशकात मोहोळ येथे निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण त्यासाठीच नावाजले. ही ज्वारी कोरडा काळ ‘वेदर’ करते. याउलट खरिपाची ज्वारी कणसात भरली असता पाऊस लागला, की दाणा बुरशीने डागाळतो. शेतकरी म्हणतो, ‘ज्वारी काळी पडली’; कृषिशास्त्राच्या इंग्रजीत तेही ‘वेदरिंग’च! एकच पीक, एकच क्रियापद. एकदा तारणारे, एकदा नासणारे.

आता निभावण्याच्या अर्थाची भावंडे. ‘सर्व्हाइव’ म्हणजे जीव वाचणे, एवढेच. ‘विथस्टँड’मध्ये आघाताच्या क्षणी न ढळणे आहे; धरणाची भिंत पुराचा दाब ‘विथस्टँड’ करते. ‘एन्ड्युअर’ म्हणजे सोसणे. त्यात वेदना आणि लांबलेला काळ आहे, शेवट चांगला होईलच असे नाही. ‘राइड आउट’ म्हणजे संकट ओसरेपर्यंत दम धरून बसणे. ‘वेदर’मध्ये संकटाच्या पलीकडच्या काठाला पोहोचणे गृहीत असते. मराठीत ‘तोंड देणे’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो, तो म्हणूनच अपुरा आहे. तोंड देणारा हरूही शकतो.

माझ्या मते या अर्थाचे सर्वांत नेमके मराठी क्रियापद आहे ‘काढणे’. उन्हाळा काढला, वाईट दिवस काढले, दुष्काळ काढला. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली, अशी परंपरागत कथा आहे. त्या धान्यावर लोकांनी तो दुष्काळ काढला. १९७२ साली कोठारांची जागा दुष्काळी कामांनी घेतली. त्याच काळात सुरू झालेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. त्या कामांवर माणसे दिवसभर खडी फोडत आणि रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ‘मिलो’ची भाकरी खात. इंग्रजी वृत्तांतात ‘लोकांनी दुष्काळ वेदर केला’ असे लिहिले, की काम सोपे होते असे वाटते. ‘काढला’ म्हटले, की त्यात रोजचा हिशेब येतो.

झिजण्याच्या बाजूला असाच नेमका शब्द ‘रापणे’. ‘अ वेदर्ड फेस’चे ‘हवामानग्रस्त चेहरा’ असे भाषांतर मी छापील मजकुरात वाचले आहे. ‘रापलेला चेहरा’ हा शब्द त्या भाषांतरकाराला का आठवू नये, कोण जाणे. मंगळवेढ्याकडच्या एखाद्या रापलेल्या चेहऱ्याच्या आजींना बहात्तर सालाविषयी विचारून पाहावे. ‘काढला बाबा,’ एवढेच त्या म्हणतात आणि हाताला पडलेले घट्टे दाखवतात.