चिमुकल्यांचा संगणक : खेळ निवडताना विवेक

भंडाऱ्यातील एखाद्या जैन घरातील सकाळ. अंगणातून मुंग्यांची रांग चालली आहे आणि आजी तीन वर्षांच्या नातवाचा हात धरून म्हणते, ‘‘थांब बाळा, त्यांना आधी जाऊ दे.’’ संध्याकाळी तोच नातू पडद्यावर बोट आपटून मुंग्या चिरडण्याचा खेळ खेळत असतो. प्रत्येक मुंगीमागे गुण मिळतात, टाळ्या वाजतात. घरातील कोणाचाच हेतू वाईट नसतो. खेळ फुकट मिळाला, मूल शांत बसले, म्हणून तो नीट पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. मन कलुषित करणारे ऐकणे, म्हणजे दुःश्रुती, हा त्यांपैकी एक. ज्या वयात खरे आणि खोटे यांतील भेद कळत नाही, त्या वयात पडद्यावरचा खेळही संस्कारच करतो. म्हणून लहानग्यांसाठी सॉफ्टवेअर निवडणे हे श्रावकाच्या विवेकाचेच काम आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असून, वेळ त्याहून कमी असेल तितके उत्तम. भोगोपभोग परिमाण व्रताची सवय असलेल्या घराला ही मर्यादा जड वाटू नये.

दुसरा प्रश्न आशयाचा. येथे काही चांगले पर्याय विनामूल्य उपलब्ध आहेत. २००२ मध्ये आलेले ‘टक्स पेंट’ हे तीन वर्षांपुढील मुलांसाठीचे चित्रकलेचे सॉफ्टवेअर. त्यात गुण नाहीत, हार-जीत नाही. मोठी बटणे, गमतीदार आवाज आणि रंग एवढाच त्याचा पसारा. त्याच्या सूचना मराठीतही वाचता येतात. ‘जीकॉम्प्री’ हा फ्रान्समधील ब्रुनो कूदों यांनी २००० मध्ये सुरू केलेला संच दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. माउस आणि कळफलक हाताळणे, रंग ओळखणे, मोजणे असे शंभराहून अधिक उपक्रम त्यात आहेत. एकदा संगणकावर उतरवून घेतले की दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. त्यामुळे पवनी-लाखांदूरकडच्या खेड्यांत नेटवर्क गेले, तरी खेळ थांबत नाही आणि अनोळखी जाहिरातही मुलासमोर येत नाही.

तरीही पालकांनी प्रत्येक उपक्रम आधी स्वतः खेळून पाहावा. जीकॉम्प्रीमध्येच पोहणारे मासे माउसने टिपण्याचा एक उपक्रम आहे. माउस वळवायला शिकवणे एवढाच त्याचा हेतू, पण आपल्या घरात तो ठेवायचा की वगळायचा, हे घराने ठरवावे. संच चांगला म्हणून त्यातले सारेच आपल्याला योग्य असे नसते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. खेळ मुलाचे नाव, छायाचित्र किंवा ठिकाण मागतो का? मध्येच जाहिरात येते का? पैसे भरून काही विकत घेण्याचे बटण आहे का? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. मात्र मुलाच्या हाती यंत्र देणारे आपणच असतो, म्हणून पहिली राखण आपलीच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल एकटे नको, मांडीवर किंवा शेजारी असावे. पडद्यावर पाच मोजून झाले की संगणक मिटवावा आणि घरातल्या पितळी वाट्या किंवा मूठभर धान मोजायला द्यावे. टक्स पेंटमध्ये निळी रेघ ओढली, तर सुटीच्या दिवशी वैनगंगेच्या काठी नेऊन खरे पाणी दाखवावे.

मुंग्या चिरडण्याचा खेळ काढून टाकायला क्षणभर पुरतो. त्या जागी काय ठेवायचे, हे ठरवायला मात्र घरातल्या मोठ्यांनी एक संध्याकाळ संगणकासमोर एकत्र बसावे. आजीलाही त्या बैठकीत जागा द्यावी. अंगणातली रांग पहिल्यांदा तिनेच दाखवली होती.