उडी मारणारा कोळी आणि त्याच्या भक्ष्याची निवड

घराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर दिवसाउजेडी एखादा लहानसा केसाळ कोळी थांबत थांबत चालताना दिसतो. आपण जवळ गेलो तर पुष्कळदा तो पळून न जाता वळून आपल्याकडे पाहतो. हा उडी मारून शिकार करणारा कोळी होय. कोळ्यांच्या या कुळास साल्टिसिडी असे नाव असून त्यात सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. आपल्याकडील घरांत आढळणारी एक परिचित जात म्हणजे प्लेक्सिपस पेकुली. कोळिष्टके काढताना केरसुणीखाली हाही सापडतो. वस्तुतः शिकारीसाठी तो जाळे विणतच नाही व भिंतीवरील जळमटांशी त्याचा काही संबंध नसतो.

काचेच्या बरणीत त्याचे निरीक्षण करणे सोपे आहे. बरणीत माशी सोडताच बाजूच्या लहान डोळ्यांना तिची हालचाल जाणवते आणि कोळी एका झटक्यात तिच्याकडे तोंड फिरवतो. पुढचे दोन मोठे डोळे नळीसारखे असतात. त्यांची भिंगे स्थिर असली तरी आतील दृक्पटल हलविता येते, त्यामुळे अंग न हलवता तो भक्ष्य न्याहाळू शकतो. नंतर तो दबकत पुढे सरकतो, रेशमी धागा पृष्ठभागास चिकटवितो आणि झेप घेतो. नेम चुकल्यास हाच धागा त्यास सावरतो. झेपेचे बळ शरीरातील द्रवाचा दाब पायांत एकाएकी वाढविल्याने येते. अंतराचा अंदाज तो कसा घेतो, याचा उलगडा जपानी संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून बराचसा झाला. हिरव्या प्रकाशात कोळ्याची उडी अचूक पडे, मात्र केवळ तांबड्या प्रकाशात ती भक्ष्याच्या अलीकडेच पडे. दृक्पटलाच्या निरनिराळ्या थरांवर पडणाऱ्या स्पष्ट व अस्पष्ट प्रतिमांवरून तो अंतर ताडतो, असा याचा अर्थ लावण्यात आला.

आता भक्ष्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न. बरणीतील कोळ्याने माशी खाल्ली, एवढ्यावरून त्यास माशी आवडते असे म्हणता येत नाही. उपाशी प्राण्यासमोर एकच पदार्थ ठेवल्यास तो जे खातो त्यावरून त्याची भूक कळते, आवड कळत नाही. शिवाय हालणाऱ्या भक्ष्याकडेच लक्ष जात असल्यामुळे अधिक चपळ किडा आधी पकडला जाण्याचा संभव असतो. म्हणून दोन प्रकारची भक्ष्ये एकाच वेळी समोर ठेवणे, आणि दोन्हींची हालचाल सारखी राखणे किंवा ती मुळीच नसणे, आवश्यक ठरते.

ही काळजी घेऊन केलेल्या संशोधनाचे उत्तम उदाहरण पूर्व आफ्रिकेतील आहे. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एव्हार्का क्युलिसिवोरा नावाचा सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा कोळी राहतो. रॉबर्ट जॅक्सन, झिमेना नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्याने २००५ साली असे दाखविले की, रक्त पिऊन आलेली मादी डास हे या कोळ्याचे आवडते भक्ष्य आहे. सरोवराकाठी न चावणाऱ्या चिलटांचे थवेच्या थवे असतात आणि त्या मानाने डास थोडे. तरीही निवड डासाचीच. प्रयोगांत मेलेले कीटक बुचाच्या चकतीवर जिवंतासारखे बसवून ठेवले होते, त्यामुळे हालचालीचा प्रश्नच उरला नाही. नुसत्या वासावरूनही कोळी रक्त प्यालेली मादी ओळखतो, असे आढळले. कोळ्याचे मुखावयव आपली त्वचा भेदू शकत नाहीत. रक्त मिळवायचे तर ते डासामार्फतच.

पुढे २०१२ मध्ये नेल्सन व जॅक्सन यांनी निरनिराळ्या डासांचे अवयव जोडून नमुने तयार केले. त्यावरून असे दिसले की, कोळी फुगलेले लाल उदर तर पाहतोच, पण मिशाही पाहतो. नर डासाच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या बारीक. तीळभर प्राण्याची ही चिकित्सा पाहून मनुष्याने थक्क व्हावे. या कोळ्याची लहान पिले तर हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफिलीस डासालाच अधिक पसंती देतात. हा डास बसताना उदर वर उचलून बसतो. पिलू वळसा घालून मागून येते आणि त्या उंचावलेल्या उदराखाली शिरून हल्ला करते.

हे वाचून असे कोळी आणून आपल्याकडे सोडावेत, असे कोणाच्या मनात येईल. ते योग्य नव्हे. परका प्राणी नव्या प्रदेशात काय खाईल, हे प्रयोगशाळेतील बरणी सांगू शकत नाही. आपल्या भिंतीवरील प्लेक्सिपस डास पकडतो खरा, पण माशी, झुरळाचे पिलू, पतंग, इतकेच नव्हे तर दुसरा कोळीही त्यास चालतो. त्याच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवता येणार नाही, की साचलेले पाणी तसेच राहू देता येणार नाही.

शाळेतील विद्यार्थ्यांना निरीक्षण करावयाचे असल्यास एका बरणीत एकच कोळी ठेवावा, अन्यथा मोठा लहानास खातो. भक्ष्य त्याच्या आकारापेक्षा मोठे नसावे. पाण्याचा एखादा थेंब बरणीच्या आतील बाजूस लावावा. कात टाकण्यापूर्वी तो रेशमी पिशवी विणून आत बसतो व खाणे सोडतो. तेव्हा त्यास आजारी समजून हलवू नये. निरीक्षण संपल्यावर ज्या भिंतीवरून त्यास आणले तेथेच सोडून द्यावे.