आधी स्वतःचा मास्क

२० सप्टेंबर २०१८ला मुंबईहून पहाटे जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात १६६ प्रवासी होते. विमान वर चढत असताना डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क एकाएकी खाली लोंबले. सुमारे ३० जणांना त्रास झाला. कुणाच्या नाकातून, कुणाच्या कानातून रक्त आलं, कुणाचं डोकं ठणकू लागलं. केबिनमध्ये हवेचा दाब राखणारा स्विच लावायचा वैमानिकांकडून राहून गेला होता. विमान मुंबईला परत उतरवलं.

मी वसमतला विज्ञान शिकवत आलो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. आमची माणसं नांदेड नाहीतर हैदराबाद गाठतात. हल्ली साठीतल्या बायकाही नातवंडांना घेऊन विमानाने लेकीकडे जातात. त्यांना मी ही हकीकत मुद्दाम सांगतो.

विमानात आतला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका राखतात, त्याहून कमी होऊ देत नाहीत. तुलनेला, आपल्या कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. दाब अचानक घटला की कान-नाकाच्या पोकळ्यांत अडकलेली हवा फुगते, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. पण रक्तापेक्षा मोठा धोका प्राणवायू कमी पडण्याचा. ३५,००० फुटांवर हात चालवण्याइतकं भान जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकतं, आणि ते जातंय हे माणसाला कळतही नाही. म्हणून मास्क खाली आला की आधी स्वतःचा लावायचा, मग लेकराचा.

“गुरुजी, लेकराला सोडून आधी माझं बघू?” एका मावशींनी विचारलं. त्यांचा जीव तुटत होता, आणि तो तुटणारच. मी म्हटलं, “मावशी, लेकरू घाबरून मास्क ओढून काढणार. त्याला लावता लावता तुमची शुद्ध हरपली, तर दोघांना बघणारं कोण? तुमचा आधी लागला, तर लेकरू गुंगीत गेलं तरी तुम्ही त्याला लावू शकता, ते सावरतं.”

मास्क जोरात खाली ओढायचा. बहुतेक विमानांत त्या ओढीनेच वरची, प्राणवायू तयार करणारी रासायनिक पेटी सुरू होते. मास्कची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येतच असतो. पेटी तापल्याने जळका वास येतो, पण म्हणून मास्क काढायचा नाही. हा पुरवठा साधारण १२ मिनिटांचा. तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास आणतो. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. हे उतरणं इतकं वेगाचं असतं, की विमान कोसळतंय असंच वाटतं. पण तोच उपाय आहे. पट्टा घट्ट आवळायचा आणि जागेवरून उठायचं नाही.